कूलरचं भगदाड

घर विकायला काढलं तेव्हा ज्याने त्याने मला बजावलं होतं की गिऱ्हाईक भावावर अडून बसेल. तसं काही झालं नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, चहाचा दुसरा कप व्हायच्या आत सौदा ठरला आणि मी मनातून जरा खट्टूच झाले. माझा उभा जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेला. समोरच्याने वाद घातला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वाद पुढे झाला, आणि तो दुरुस्त्यांवरून झाला.

घेणारं जोडपं तरुण होतं. तो मिहानच्या उद्योगवसाहतीत कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. ती घरूनच काम करणारी आणि दिवस गेलेली. ऐन उन्हाळ्यात बाळ येणार होतं. त्याचे आईवडील भिवापूरला, घरची मिरचीची शेती. पहिल्याच भेटीला त्याने पिशवीभर लाल मिरच्या आणल्या होत्या. घर बघायला येताना कोणी मिरच्या आणत नाही, त्यामुळे मुलगा मला तिथेच पसंत पडला. घर म्हणजे नागपुरात प्रताप नगरातलं आमचं बैठं घर: दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, वर गच्ची. माझे यजमान जाऊन दोन उन्हाळे झाले होते. मुलगा पुण्यात. एकटी काय करतेस तिथे, ये इकडे, असं तो दर फोनला म्हणायचा आणि शेवटी मी हो म्हटलं. फेब्रुवारीअखेर रजिस्ट्री, त्याच दिवशी किल्ल्या द्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने पुणे, असं ठरलं.

हल्ली म्हणे घर घेण्याआधी तपासून घेतात. आम्ही हा प्लॉट घेतला तेव्हा यांनी जमिनीवर दोनदा पाय आपटला होता आणि "पक्की हाये" म्हटलं होतं. आमची तपासणी ती तेवढी. या मुलाने मात्र रीतसर इंजिनिअर आणला. त्याच्याकडे भिंतीला लावायचं एक यंत्र होतं, ओल लागली की ते पिकपिक करायचं. हातातल्या काठीने तो फरशीवर टकटक करत हिंडला आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे त्याने खडूने फुल्या मारल्या. माझ्या हॉलमध्ये इतक्या फुल्या झाल्या की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, पोरांचा खेळ मांडलाय. मी मागेमागे फिरत होते. बाथरूमचा नळ गळतो, हो, गळतो. मागचं दार पावसाळ्यात फुगलं की लागत नाही, हो, नाही लागत. सिंकखालच्या पाइपला चिंधी बांधलेली आहे, गच्चीचं पाणी नीट निघत नाही, जिन्याखालचा बोर्ड हलतो. मला त्यातलं काही नवीन नव्हतं. मी या सगळ्यासकट संसार केला होता.

मग तो आमच्या झोपायच्या खोलीत गेला आणि मागच्या भिंतीपुढे उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. भिंतीत खिडकीएवढं नाही, खिडकीहून बरंच मोठं भोक होतं. त्यावर आतून प्लायवुड ठोकलेला, प्लायवुडच्या कडेने जुनी सोलापुरी चादर कोंबलेली, आणि खाली एका कोपऱ्यात भिंतीतून गंजलेली सळई बाहेर डोकावत होती.

"काकू, हे काय हाये?" त्याने विचारलं.

"कूलरची खिडकी."

"ही खिडकी नाई काकू," तो म्हणाला. "ही तोडफोड हाये."

मला राग आला, पण खोटं काही तो बोलला नव्हता. घरात आम्ही त्याला भगदाडच म्हणत होतो.

त्याची कथा अशी. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. जन्मभर टेप धरून कालवे मोजले आणि कूलर मोजला विताने. घर नवीन होतं तेव्हा एका मे महिन्यात यांनी ठरवलं की दुकानातला तयार कूलर आपल्याला पुरायचा नाही, आपण पत्र्याचा मोठा बनवून घेऊ. मग कॉटन मार्केटकडच्या एका कारागिराला यांनी हवेत हात पसरून माप दाखवलं: एवढा उंच, एवढा रुंद. त्या भल्या माणसाने हवेतल्या मापाबरहुकूम कूलर बनवला आणि तो ठेल्यावर चढून आमच्या दारात आला. आला तो खिडकीत जाईना. आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. शेजारीपाजारी सल्ले द्यायला जमले. नागपुरात कोणाच्या घरी कूलर बसत असला की गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला त्यातलं कळतं. कोणी म्हणालं परत करा, कोणी म्हणालं हॉलमध्ये लावा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला, अंगाची नुसती लाही होत होती, आणि हे कूलरकडे आणि खिडकीकडे आळीपाळीने बघत उभे.

"कूलर काई लहान होत नाई," हे शेवटी म्हणाले. "खिडकी मोठी होते न वं."

आणि छिन्नी-हातोडा घेऊन सुरूच झाले. चौकट काढली. खालची भिंत फोडली. डाव्या बाजूने जरा जास्तच फुटली, तर म्हणाले, बरं झालं, पाइप तिथूनच घेऊ. मी धुळीने पांढरी होऊन दारात उभी राहून ओरडत होते, "अहो, भिंत हाये ते! भगदाड पाडून राहिले तुम्ही!" यांच्या भुवया, मिश्या, सगळं पांढरं झालेलं. तसेच वळून हसले. ऊन कलायच्या आत लोखंडी स्टँडवर कूलर चढला, पाणी भरलं, बटण दाबलं. आधी नुसती धूळ आली. मग ओल्या वाळ्याचा वास आला आणि त्यामागून असा गार वारा आला की सल्ले द्यायला जमलेले सगळे पुरुष कोणी न सांगता आमच्या पलंगावर येऊन बसले. मी त्यांना सरबत केलं.

पुढे दर वर्षी होळी आटोपली की प्लायवुड निघायचा, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, आणि पावसाळा लागला की पुन्हा प्लायवुड. चौकट करू, कडा बांधून घेऊ, असं हे म्हणायचे. म्हणायचे सगळंच. नळ, मागचं दार, सिंकचा पाइप, कशाचंही नाव काढलं की उत्तर ठरलेलं होतं: "या दिवाळीत करतो न वं." दिवाळ्या आल्या आणि गेल्या. या घरात यांनी स्वतःच्या हाताने सुरू करून त्याच दिवशी पूर्ण केलेलं एकच काम होतं, ते म्हणजे हे भगदाड.

यादी घेऊन तो घेणारा मुलगा पुढच्या रविवारी आला. सोबत तीही होती. मी पोहे केले होते आणि पोटात मात्र काउंटरवरची बाई जागी झाली होती.

"नळाचं काहून लिहिलं?" मी सुरुवात केली. "नळ काय, वायसर बदलला की झालं."

"मंग बदलून द्या न काकू," तो म्हणाला.

असं तो प्रत्येकाला म्हणत गेला. आवाज चढवायचा नाही, पोहे खायचे, मान हलवायची आणि म्हणायचं, मंग करून द्या न काकू. असल्या माणसाशी भांडायचं कसं? मी फरशीवरून थोडी कुरकुर केली, म्हटलं पोकळ वाजते म्हणून काय झालं, तिच्यावर चालायचं हाये का तबला वाजवायचा हाये. ती मुलगी खळखळून हसली. तो पण हसला आणि म्हणाला, फुली मारलेल्या तेवढ्याच बदलू. मला हे कबूल करायला हवं की मी त्या दिवशी आनंदात होते. कितीतरी दिवसांनी घरात कोणीतरी माझ्याशी हुज्जत घालत होतं.

मग ती दोघं आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काकू, बाकी सगळं एक वेळ मागंपुढं चालते. ते भोक मात्र बंद करूनच द्या. आमाले तिथी एसी लावायचा हाये."

"तुम्ही राहायला आले की बुजवा न. तेव्हा तुमचंच घर."

"तेव्हा उशीर होते. विटा, प्लास्टर, मंग ते वाळलं पाहिजे, मंग पुट्टी, रंग. हिची तारीख मे मधली हाये काकू. लेकराले गरमीत कुठी ठेवू?"

मे महिन्यात, नागपुरात, तान्हं बाळ. मी स्वतः त्या खोलीत माझ्या मुलाला भगदाडापुढे निजवून वाढवलं होतं. तरीही मी म्हणाले, "मी हॉलची सगळी फरशी नवीन करून देते. भोक तेवढं राहू द्या."

दोघं माझ्याकडे बघत राहिली. "फरशी कोणी मागितली काकू?" तो म्हणाला.

बरोबरच होतं. कोणी मागितली नव्हती.

मग कामाला माणसं लागली. प्लंबर आला, सुतार आला, फरशीवाला आला. जी कामं यांच्या जिभेवर इतकी वर्षं होती ती माझ्या डोळ्यांसमोर भराभर संपायला लागली. नळाचं काम तर सुताराचा चहा पिऊन होईपर्यंत उरकलं. मला हसावं की रडावं कळेना. हे एवढंसंच होतं? यासाठी मी इतक्या दिवाळ्या वाट पाहिली? दाराला रंधा मारला आणि ते बोटाने ढकललं तरी लागायला लागलं. पूर्वी ते लावायला मी खांदा लावायचे आणि हे बाहेरून म्हणायचे, अजून जोर लाव, खाल्लेल्या पोळ्या कुठं गेल्या. आता जोर कशालाच लागत नव्हता. नळ गळेनासा झाला तशी पहाटे मला जाग यायला लागली. आवाज नाही म्हणून जाग. उठून मी बाथरूममध्ये जायची आणि त्या कोरड्या, चकचकीत नळाकडे बघत उभी राहायची. घर एकेक करून नीट होत होतं आणि जेवढं नीट होत होतं तेवढं ते माझ्या ओळखीचं राहत नव्हतं.

भगदाडाचा विषय मी रोज पुढे ढकलत होते. पोस्टात लोकांना परत पाठवायच्या जेवढ्या युक्त्या शिकले होते, त्या सगळ्या वापरल्या. आधी म्हटलं, मिस्त्री गावाला गेलाय. मग म्हटलं, रेती मिळत नाही. मग म्हटलं, संक्रांतीच्या दिवसात भिंतीचं काम काढत नाहीत, जे मी त्याच क्षणी रचलं होतं. त्या मुलाने तेही ऐकून घेतलं. पण एका संध्याकाळी त्याचा फोन आला आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"काकू, बाबा म्हणून राहिले का ते भोक बुजल्याबिगर रजिस्ट्री करायची नाई. इंजिनिअरनं लिहून देल्लं, भिंत कमजोर झाली म्हणून. मी त्याहिले समजावलं, पण..."

"मंग राहू द्या रजिस्ट्री," मी म्हटलं.

आणि त्याचं पुढचं न ऐकताच फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासात पुण्याहून माझ्या मुलाचा फोन. त्या मुलाने त्याला कळवलं असणार. "आई, तू काय करतेयस? एका भोकासाठी सौदा मोडतेस?"

"हो."

"अगं, भिंत आहे ती. त्यांच्या बाळासाठी मागतायत. बाबांनी पाडलं म्हणून काय आपण त्याचं म्युझियम करायचं?"

मी त्याला म्हटलं, तुझा वरण-भात गार होत असेल, जेव जा, आणि फोन ठेवला. पण तो म्हणाला ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण माझी अडचण ही होती की मला म्युझियमही करायचं नव्हतं. हे गेले ते त्याच खोलीत. गेल्यानंतरचे दोन उन्हाळे मी तो कूलर लावलाच नाही. प्लायवुड काढला नाही, ताट्या बदलल्या नाहीत. हॉलमध्ये पंख्याखाली ओलं फडकं अंगावर घेऊन पडायची. शेजारीण म्हणायची, ताई, कूलर असून असं काहून करता, जिवाले त्रास? मी म्हणायची, मला चालतं. चालत नव्हतं. तो लावला आणि पलंगावर शेजारी कोणी नसलं तर मी काय करू, हे मला कळत नव्हतं. आणि भोक बुजवलं तर? तर तो लावायची वेळ कायमची गेली. जोवर भोक आहे तोवर कधीतरी, एखाद्या उन्हाळ्यात, धीर आला की लावीन, असं मी स्वतःला सांगत आले होते. पुण्याला जाणार, घर विकलेलं, उन्हाळा मला इथे मिळणारच नव्हता, तरीही सांगत आले होते. माणूस मनात इतका सरळ नसतो. मला एवढंच हवं होतं की माझा पाय या घरात आहे तोवर ते भोक उघडं राहावं. त्यासाठी मी सौदा मोडायला निघाले होते आणि एका गरोदर मुलीचा जीव टांगणीला लावला होता, हेही मला दिसत होतं.

घर घेणाऱ्या मुलाने शनिवारी येतो म्हणून कळवलं. शेवटचं काय ते सांगा काकू, एवढाच निरोप होता.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मागच्या अंगणात गेले. फेब्रुवारीचं सौम्य ऊन होतं, सावलीत अजून स्वेटर लागत होता. कूलर स्टँडवरच उभा होता, दोन वर्षं ताडपत्रीत गुंडाळलेला. मी ताडपत्री सोडली. ताट्यांमधला वाळा भुगा होऊन खाली टाकीत पडला होता, आत पालीचं घर झालं होतं. वाळ्याच्या ताट्यांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तर दुकानदार मला वेड्यात काढायला लागला. "काकू, अजून तर गोधड्या निघून राहिल्या लोकाहिच्या. सिझनले या न." मी म्हटलं, मागच्या वर्षीच्या असतील त्या दे. माळ्यावरून त्याने धूळभरल्या ताट्या काढल्या. घरी येऊन मी टाकी घासली, ताट्या अडकवल्या, खोलीतला प्लायवुड स्वतः पक्कडीने काढला. ठोकला होता सुताराने, आणि असा ठोकला होता की माझी बोटं सोलून निघाली. पाइप लावून पाणी भरलं. मग शाल पांघरून पलंगावर बसले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. बटण पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, यांच्या उशाशी होतं. अखेर वाकून दाबलं.

आधी पंप गुरगुरला. मग पंखा अडखळत फिरला, आणि धूळ आली, भिंतीचा भुगा आला, मला ठसका लागला. मग ताट्या भिजत गेल्या. तो वास मी कसा सांगू? मातीचा नाही, गवताचा नाही, गार पाण्याचा पण नाही, सगळ्यांचा मिळून आमच्या मे महिन्याचा तो वास होता. मी डोळे मिटून तोंड वाऱ्यात धरलं. रडले का? रडले. कूलरच्या आवाजात काही ऐकू जात नाही, हा त्याचा एक गुण आहे.

ती दोघं आली तेव्हा मी बेल ऐकलीच नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. दोघं हाका मारत आत आली आणि खोलीच्या दारात थबकली. थंडीच्या दिवसात म्हातारी स्वेटरवर शाल घेऊन सुरू कूलरपुढे बसलेली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला दिसलं.

"बसा," मी ओरडून म्हटलं, कारण ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. बाकी सामान बांधून झालेलं, बसायला तेवढा पलंगच होता. ती माझ्या शेजारी बसली. तो वळसा घालून पलीकडच्या कडेला टेकला.

"काकू, बरं वाटून राहिलं न तुमाले?" तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"मले काई झालं नाई वं. पाहून राहिली, चालते का अजून."

"आमच्या घरीही असाच होता," तो मोठ्याने म्हणाला. "एवढा मोठा नाई पण. हा त अख्ख्या गल्लीले पुरते काकू."

मी त्याला विताच्या मापाची गोष्ट सांगितली. पाटबंधाऱ्याचा माणूस आणि हवेतलं माप, ठेल्यावरून आलेला कूलर, पांढऱ्या मिश्या. ओरडून ओरडून सांगितली आणि ती दोघं ओरडून ओरडून हसली. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, वास मात्र मस्त आहे, एसीला हा वास नाही येत. ज्या कामासाठी ती दोघं आली होती ते काम आता काढायला हवं होतं आणि तिघांपैकी कोणालाच ते काढवत नव्हतं. तो मोबाइल काढून उगीच काहीतरी बघायला लागला. खोली गार पडत चालली होती. तिने पाय वर घेतले, ओढणी अंगाभोवती घट्ट केली आणि एक हात पोटावर ठेवला.

मग ती त्याच्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली, "ए, बंद कर न तो. थंडी वाजून राहिली मले."

आणि त्याने मोबाइलवरून नजर न उचलता हात लांब केला आणि यांच्या उशाचं बटण बंद केलं.

पंखा मंद होत होत थांबला. बाहेर ताट्यांतून पाणी थेंब थेंब टाकीत पडत होतं.

मार्च-एप्रिलच्या पहाटे हवा गार व्हायची आणि मी झोपेतच म्हणायची, अहो, बंद करा न तो, थंडी वाजते. एवढंच. डोळे उघडायची नाही. शेजारून हे उठायचे, चाचपडत बटण बंद करायचे, माझ्या पायाशी गेलेली चादर खांद्यापर्यंत ओढायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. किती पहाटे, त्याचा हिशेब नाही. शेवटच्या उन्हाळ्यात यांची डावी बाजू गेली होती. एका पहाटे अर्धवट झोपेत, जुन्या सवयीने, माझ्या तोंडून तेच निघालं. आणि पलंग हलला म्हणून मी डोळे उघडले तर हे उजव्या हाताने पलंगाची कड धरून उठायला धडपडत होते. मी उठले, बटण बंद केलं, यांना नीट निजवलं. त्यानंतर मी ते शब्द कधी उच्चारले नाहीत.

मी त्या मुलीकडे पाहिलं. तिला काहीच कळलं नव्हतं. ती पोटावरचा हात हलकेच फिरवत होती आणि तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला होता. मला तिचा हेवा वाटला. ती म्हणाली आणि कोणीतरी हात लांब केला. भोक मी अजून कितीही वर्षं उघडं ठेवलं असतं, वारा मिळाला असता, वासही मिळाला असता, पण मला जे हवं होतं ते त्यातून यायचं नव्हतं.

"बुजवून टाका," मी म्हटलं. कूलर बंद झालेला, तरी माझा आवाज मोठाच निघाला.

त्याने मान वर केली. "पक्कं न काकू?"

"पक्कं. सोमवारी मिस्त्री बोलावते."

"अन् प्लास्टरले पाणी मारावं लागते न रोज," ती म्हणाली. "आमाले त इकडे सकाळी येणं जमत नाई."

"मी मारीन," मी म्हटलं. "मी हाये न अजून."